उपाशी चाललो, साहेब

रविवारची उपासना संपली की पाळकसाहेब चर्चच्या दारात उभे राहतात आणि बाहेर पडणारा प्रत्येक जण त्यांचा हात हातात घेऊन म्हणतो, "छान संदेश होता, साहेब." ज्याला मध्येच डुलकी लागली होती तोही म्हणतो. किंबहुना तो जरा जास्तच जोरात म्हणतो. आमच्या नेरूळच्या मराठी मंडळीत ही रीत मोडणारा एकच माणूस होता, शांतवन साळवे. आम्ही त्यांना साळवेकाका म्हणायचो. संदेश चालू असताना ते पहिल्या बाकावर डोळे मिटून, ओठ हलवत बसायचे. मग शिस्तीत रांगेत उभे राहायचे, पाळी आली की पाळकसाहेबांचा हात दोन्ही हातांत घ्यायचे, अदबीने मान झुकवायचे आणि म्हणायचे, "उपाशी चाललो, साहेब."

आवाजात राग नाही की टोमणा नाही. पंगतीत वाढपी विसरून पुढे गेला तर आपण ज्या सुरात "इकडं भात राहिला" म्हणतो ना, अगदी तो सूर.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. नेरूळमध्ये तेव्हा इमारती आधी येत होत्या आणि माणसं मागून. आमचं चर्च फक्त नकाशावर होतं. प्रत्यक्षात आम्ही रविवारपुरता एका शाळेचा वर्ग भाड्याने घेत होतो. चौथीच्या पोरांच्या बाकांवर आम्ही मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसायचो आणि समोरच्या फळ्यावर शनिवारचा धडा तसाच असायचा, कारण कोपऱ्यात "पुसू नये" असं विज्ञानाच्या बाईंनी लिहिलेलं असे.

एका रविवारी फळ्यावर पचनसंस्था होती. पाळक थोरातसाहेबांच्या डोक्यामागून अन्ननलिका निघून त्यांच्या खांद्याशी भलंथोरलं जठर आलेलं. त्या दिवशी साहेबांनी चपला वर्गाबाहेर नीट ओळीत काढाव्यात या विषयावर मनापासून संदेश दिला. दारात साळवेकाका म्हणाले, "साहेब, मागं येवढं मोठं पोट काढलं व्हतं. त्यात एक घास तरी टाकायचा."

थोरातसाहेब वाईट नव्हते हो. उंचेपुरे, आवाज असा की माइक बंद पडला तरी बाहेरच्या रिक्षावाल्यांपर्यंत वचन पोहोचावं. फक्त ते एकदा पवित्र भूमीच्या सहलीला जाऊन आले होते आणि तिथून अजून पुरते परतले नव्हते. संदेश कुठूनही सुरू होवो, शेवटी तो तिथल्या सरोवराच्या काठी जाऊन बसायचा आणि साहेबांनी तिथे खाल्लेली मासळी आम्ही पुन्हा एकदा ऐकायचो. सरोवर नसेल त्या रविवारी गैरहजर लोकांना झापलं जाई. जे आले नाहीत त्यांचा राग जे आले त्यांच्यावर काढायचा, ही शाळामास्तरांची आणि पाळकांची जुनी खोड. साळवेकाका म्हणायचे, "जेवायला आला न्हाई त्याच्या नावानं बोंब, अन् बसलाय त्याचं ताट कोरडं."

त्यांची ही सगळी भाषा कॅन्टीनची होती. काका मूळचे नगरकडचे. पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं कॅन्टीन सांभाळून निवृत्त झालेले. तिथे ते स्वयंपाकघरात कमी आणि हात धुवायच्या नळाशी जास्त उभे असायचे. कामगार ताट ठेवायला आला की वाकून त्यात बघायचे. "जेवन कसं व्हतं इचारलं तर मानूस छान म्हनतो. ताट खोटं बोलत न्हाई," हा त्यांचा सिद्धांत. तो त्यांनी चर्चला लावला आणि आमची पंचाईत केली. सायकल स्टँडजवळ गाठून ते माणसाचं ताट बघायचे.

मी मंडळीचा सेक्रेटरी, त्यामुळे मी तर हक्काचं गिऱ्हाईक.

"सलाम, सेक्रेटरीसाहेब. काय वाढलं आज?"

"प्रेमावर होतं."

"कुनाच्या?"

"शेजाऱ्यावरच्या."

"त्याचं काय?"

"म्हणजे... करावं, असं."

"ते तर घरनं निघतानाच ठावं व्हतं. नवं काय पडलं ताटात?"

 संदेश चालू असताना मी स्कूटरच्या क्लचचा विचार करत होतो. खजिनदार पाटोळेंना काकांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आवाज काय लागला होता साहेबांचा!" काका म्हणाले, "म्हंजी भांडी चांगली वाजली." पुढे पुढे लोक मागच्या दाराने सटकू लागले. बायबल काखेत धरून मोठमोठी माणसं शाळेच्या पाण्याच्या टाकीमागून पळताना मी पाहिली आहेत.

एकदा दादरकडून एक पाहुणे उपदेशक आले, सोबत कीबोर्ड आणि दोन स्पीकर. त्यांनी असा काही गजर केला की बायका रडल्या, पोरं रडली, काय झालं ते बघायला शाळेचा वॉचमन काठी घेऊन आला. आम्ही भारावून गेलो. काका म्हणाले, "मसाला लई. घरी जाऊन तांब्याभर पानी प्यायलो, तवा कुठं जीभ थंड झाली."

मग दुसरं चर्च बघा ना, असं त्यांना सगळ्यांनीच सुचवून झालं होतं. तेही त्यांनी करून पाहिलं. वाशीला गेले, पनवेलला गेले, इंग्रजी उपासनेलाही बसले. "विंग्रजीत बी उपासच घडला," म्हणाले. शिवाय बस मिळून परत यायला दुपार टळायची आणि काकांना घरी लवकर पोहोचायचं असे. आमच्याकडेही उपासनेनंतरच्या चहाला ते कधी थांबले नाहीत. "घरी वाढायचंय," म्हणायचे आणि शिरवणे गावाच्या दिशेने झपाझप चालू लागायचे.

घरी सुवार्ताकाकू अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्या होत्या. पोरबाळ नाही. त्यांना भरवायचं असेल, असं आम्ही समजायचो. सुरुवातीला महिला मंडळ प्रार्थनेला जायचं, पाळकसाहेब जायचे, मीही एकदा गेलो होतो. मग हळूहळू सगळ्यांनाच तिसऱ्या मजल्याचे जिने फार वाटू लागले. आम्ही इथूनच त्यांच्यासाठी प्रार्थना करू लागलो. प्रार्थनेला जिने लागत नाहीत.

एके दिवशी ठिणगी पडली. तरुण संघाच्या पोरांनी नाताळच्या कार्यक्रमात एक नाटुकलं केलं. त्यात एक पोरगं काकांसारखी टोपी घालून आलं आणि म्हणालं, "उपाशी चाललो, साहेब." वर्गभर हशा. थोरातसाहेबही हसले, पण कान लाल झालेले मी पाहिले. मंडळीच्या पंचांच्या पुढच्या सभेत त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एक तर साळवे दारात बोलणं थांबवतील, नाहीतर दुसरी मंडळी शोधतील. नाहीतर मी तरी शोधतो."

पाटोळे म्हणाले, काकांना समज द्यावी. समज देण्याचं काम अर्थातच सेक्रेटरीचं. साहेब म्हणाले, मीही येतो, तोंडावरच होऊन जाऊ दे.

शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं तिसरा मजला चढलो. साहेब प्रत्येक वळणावर थांबून कडक वाक्यं पुटपुटत होते. दार काकांनी उघडलं. आम्हाला बघून त्यांचा चेहरा असा झाला की जणू पोरगं शाळा बुडवताना सापडलंय.

"तुमी? हितं?"

आतून आवाज आला. "कोन आलंय वं?"

"पाळकसाहेब," काका पुटपुटले आणि एकदम घाईघाईने म्हणाले, "निजलीय ती. आपुन खाली जाऊन बोलू, चला."

पण निजलेला माणूस असा बोलत नाही. साहेब आत गेले. खिडकीशी खाट, खाटेवर उशीला टेकून सुवार्ताकाकू. एक हात निपचित. दुसरा त्यांनी लगेच डोक्यावरच्या पदराकडे नेला. डोळे भरून आले होते.

"साहेब, किती दिसांनी! मी ह्यांना म्हनत व्हते, साहेबांचे पाय धरायचेत मला. तुमच्या संदेशावर जगतीय मी."

थोरातसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"मागच्या रविवारी त्या विधवेचं सांगितलं तुमी. मूठभर पीठ राहिलेलं, अन् दारात परका मानूस भाकर मागतोय. ती पिठाचा डबा हलवून बघती, वाजतोय का रिकामा. ह्यो तिचा हात, साहेब, ह्यो माझाच हात वाटला मला. तुमी म्हनला ना, देव डबा भरून देत न्हाई, पर खरवडायला गेलं की हाताला पीठ लागतंय. रोज. तेवढ्यावर आठवडा काढला बघा मी."

मागच्या रविवारी साहेबांनी स्कूटरी आडव्या लावू नयेत यावर संदेश दिला होता. शेवटी सरोवर होतं.

स्वयंपाकघरात काका चहा करत होते. कपांचा आवाज थांबला.

"हे आल्याआल्या आधी मला संदेश वाढत्यात, मग भात," काकू हसल्या. "कंदी भाकरीसंगं चटनी बी घालत्यात मधी. त्या विधवेकडं शेंगदान्याची चटनी व्हती का, साहेब? मला वाटतंय ते ह्यांचं हाय. पर म्हनत्यात, आज बी साहेबांनी पोटभर वाढलं."

काका कपबशा घेऊन बाहेर आले. साहेबांकडे बघेनात. बशीत चहा सांडला होता. मला त्या क्षणी सगळं कळलं. पहिल्या बाकावर डोळे मिटून, ओठ हलवत हा माणूस काकूंसाठी स्वतःच संदेश रांधायचा, आणि दारात उपाशी म्हणायचा ते काकूंच्या ताटासाठी. आमच्या त्या समज देण्याची भयंकर लाज वाटली.

साहेबांनी चहाचा घोट घेतला. 

"चटणी नव्हती, काकू," ते म्हणाले. "पण हवी होती."

मग त्यांनी प्रार्थना केली.  खाली आल्यावर एवढंच म्हणाले, "मी सगळ्यांना वाढायला उभा असतो, पण मलाही कित्येक वर्षांत कुणी वाढलं नाही हो. भांडं रिकामं झालेलं मला ठाऊक होतं. वाटलं, लोकांना कळत नाही."

दुसऱ्या दिवशीचा संदेश छोटा होता. साहेब मध्येच अडखळले, दोनदा कागद चाचपडले, सरोवराकडे फिरकले नाहीत. दारात रांग लागली आणि साळवेकाकांची पाळी आली तेव्हा सगळे आपापल्या चपला शोधण्याचं नाटक करत थांबले.

"जरा कच्चं राहिलं, साहेब," काका म्हणाले. "पर घेऊन जातो."

पुढची दोन वर्षं आमच्या मंडळीची चांगली गेली. साहेब शनिवारी कुणाला भेटेनासे झाले, तयारीला बसायचे. दारात "छान संदेश" म्हणणाऱ्यांच्या डोक्यावरून त्यांची नजर मागे रांगेत काकांना शोधायची. "मीठ बरोबर," "आज दुसऱ्यांदा मागावं वाटलं," असं काही मिळालं की दिवसभर खूश असायचे. तिसऱ्या मजल्याचे जिनेही आम्हाला पुन्हा चढता येऊ लागले.

मग सुवार्ताकाकू गेल्या.

दफनानंतरच्या रविवारी काका आले, पहिल्या बाकावर बसले. ओठ हलत नव्हते. साहेबांनी त्या दिवशी फार जीव ओतून सांगितलं.  दारात काकांनी साहेबांचा हात धरला आणि मान झुकवली.

"छान संदेश होता, साहेब."

थोरातसाहेबांनी हात सोडला नाही. मागे रांग तटली. "काका, मीठ?" त्यांनी हळूच विचारलं.

"आता कुनाला न्यायचं, साहेब?"

त्या दिवशी काका पहिल्यांदा चहाला थांबले, कारण घरी जायची घाई नव्हती. रिकाम्या वर्गात एका बाकावर एकटेच कप घेऊन बसले होते. साहेबांनी रांग तशीच टाकली, आत आले आणि त्या पोरांच्या बाकावर त्यांच्या शेजारी कसेबसे मावले.

"आज काकूंना कसं सांगितलं असतं?"

काकांनी फळ्याकडे पाहिलं. मग कप बाजूला ठेवला, घसा साफ केला आणि म्हणाले, "आधी चटनी घातली असती."

मी दाराशी उभा होतो. काका सांगत होते, साहेब ऐकत होते, आणि बाकावरचा चहा निवून गेला होता.