खंड्या, तिला सांग

खंड्या अंगणात आडवा पडला होता. चारही पाय लाकडासारखे ताठ, मान मागे वळलेली, तोंडाला फेस. हणमंता त्याच्याशेजारी गुडघ्यावर बसून ओरडत होता, "खंड्या, तिला सांग, ताक आन! लवकर आन म्हनावं!"

खंड्या काही सांगण्याच्या अवस्थेत नव्हता.

अनुसया, म्हणजे हणमंताची बायको, दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ताकाचं गाडगं तिच्या मागे चुलीपाशी होतं. तरी ती हलली नाही, कारण निरोप तिच्यापर्यंत पोचला नव्हता.

मी बांधावरून ओरडले, "आगं ए बाई, कुत्रं मरतंय आन तुमचं काय चाललंय? आन की ताक!"

तेव्हा ती आत पळाली. मीही बांध उतरून त्यांच्या अंगणात आले.

हे ऐकून दोघं वेडी होती असं कुणाला वाटेल. वेडी नव्हती. हणमंता कासारवाडीच्या रेल्वे फाटकावर नोकरीला होता, आणि वेड्याच्या हातात कुणी रेल्वे फाटक देत नाही. माणूस मूळचा साताऱ्याकडचा. तो आला तेव्हा आमच्या बाजूला कारखाने नुकते उभे राहत होते. फाटकाशेजारची त्याची खोली आमच्या शेताच्या बांधाला लागून होती, त्यामुळे त्यांच्या घरातलं बोलणं मला ऐकावंच लागायचं. हणमंताचा आवाज मोठा. गाडीच्या खडखडाटात बोलून बोलून तसा झालेला.

वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याने बायकोशी बोलायचं नाही, ही तेव्हाची रीत. आमचे मालक नुसतं खाकरायचे आणि काय हवंय ते मी समजून घ्यायचे. हणमंताला खाकरणं जमलं नाही. गावच्या घरात तो कुत्र्याशी बोलायचा. "अरे, तिला सांग, पानी तापव." अनुसया नवी नवरी, तिने घरातलं मांजर धरलं आणि त्याच्याकडून उत्तर द्यायला लागली. पुढे सासू-सासरे गेले, दोघं इकडे आली. खोलीत तिसरं माणूस नाही. बोलायला आडकाठी कुणाचीच नव्हती. पण ती रीत त्यांच्या अंगात मुरली होती.

"खंड्या, तिला सांग, भाकर करपली."

"मने, त्यांला सांग, करपली न्हाई, खरपूस हाय."

"खंड्या, तिला सांग, खरपूस काळी नसती."

"मने, त्यांला सांग, उद्यापासनं रेल्वेकडनं मागवा."

खंड्या आणि मनी मध्ये बसून भाकरीकडे बघत असत. भाकरी करपली असली तरी त्यांची काही तक्रार नव्हती.

खंड्याच्या आधी त्यांचा एक मोत्या होता. तो म्हातारा होऊन मेला, आणि त्या खोलीतून हणमंताचा आवाज यायचा बंद झाला. अनुसया मनीला सांगत राहायची. मनी ऐकून घ्यायची आणि निघून जायची. पलीकडून उत्तर नाही. शेवटी अनुसया बांधावर येऊन मला म्हणाली, "आक्का, घरात मानूस हाय का न्हाई, त्येच कळंना." आमची कुत्री तेव्हा व्याली होती. त्यातलं एक पिल्लू मी पदरात घालून तिला नेऊन दिलं. तोच खंड्या. त्याचा भाऊ वाघ्या आमच्याकडे राहिला.

खंड्या आला आणि त्याच संध्याकाळी आवाज आला, "खंड्या, तिला सांग, आमटीत मीठ न्हाई." मी म्हटलं, चला, घर लागलं मार्गाला.

असं कुत्रं माणूस जपणारच. पण हणमंताच्या जपण्याला धरबंद नव्हता. दर रविवारी खंड्याला करंजाच्या तेलात गंधक कालवून चोळायचा. मग खंड्या आणि हणमंता दोघांचाही वास दुसऱ्या रविवारपर्यंत टिकायचा. गोचीड काढून रॉकेलच्या डब्यात टाकायचा आणि डबा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. गाडी यायच्या आधी मनीला खोलीत कोंडायचा, मग फाटक लावायचा. माणसं रुळावरून पळत राहायची, त्यांना काही म्हणायचा नाही. मी विचारलं, तर म्हणाला, "मानसाला डोळं हायती. मुक्या जिवाचं कोन बघनार?"

हे त्याचं पालुपद. दिवसातून किती वेळा म्हणायचा, ते देवाला ठाऊक.

चाकणहून कांद्याच्या बैलगाड्या यायच्या. प्रत्येक गाडीखाली एक कुत्रं चालत असे. गाडी फाटकाला अडली की हणमंता खाली वाकायचा, कुत्र्याचे कान उलटे करायचा आणि गाडीवानाला झापायचा. एका गाडीवानाने न्याहारीतला कांदा कुत्र्याला टाकला, तर हा फाटक सोडून धावला. "कांदा मानसानं खावा! कुत्र्याला त्यो बाधतो!"

"मग काय बासुंदी घालू, राव?" गाडीवान म्हणाला. "गाडीत कांदाच हाय. फाटक उघडा की, दिस बुडंल."

आगगाडी जाऊन बराच वेळ झालेला असायचा. फाटक मात्र हणमंताची खात्री पटल्यावर उघडायचं.

त्या वर्षी आमच्याकडे एक पिसाळलेलं कुत्रं फिरलं. माणसांना चावलं, एक वासरू गेलं. मग दवंडी झाली, की ज्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नसेल ते मोकाट समजून त्याला विष घातलं जाईल. गावात कुणाच्याच कुत्र्याला पट्टा नव्हता. कुत्रं कुणाचं, हे सगळ्या गावाला माहीत असायचं, पट्टा कशाला?

हणमंताने आपलं जुनं हिरवं निशाण फाडलं आणि पट्टे शिवले. लालही होतं त्याच्याकडे. पण म्हणाला, लाल बांधलं आणि कुत्रं रुळाजवळ गेलं तर मेल उभी राहील. साहेब तपासणीला आला, त्याने विचारलं, "निशाण कुठे गेलं?"

"उंदरांनी खाल्लं, साहेब."

"तुझ्याकडे मांजर आहे ना?"

"हाय की. पन ती सरकारी न्हाई."

एक पट्टा त्याने वाघ्यासाठी आणून दिला. मालकांना तो आवडला. त्यांनी तो वासराला बांधला.

अनुसया स्वच्छतेची. त्या दिवशी खंड्याचा पट्टा गंधकाने घाण झालेला म्हणून तिने धुतला आणि दोरीवर वाळत टाकला. तेवढ्यात तो विषाचे गोळे घेऊन फिरणारा माणूस रस्त्याने गेला. परक्याच्या हातचं खायचं नाही, असं हणमंताने खंड्याला शिकवलं होतं आणि खंड्या ते पाळायचा. पण त्या माणसाने हाताने दिलंच नाही. गोळा जमिनीवर टाकला. जमिनीवरचं कुणाच्या हातचं नसतं.

तर अनुसया ताक घेऊन बाहेर आली, हणमंताने खंड्याचा जबडा उघडला, आणि मागून कोणीतरी ओरडलं, "थांबा! तोंडात काही घालू नका!"

गुरांचे डॉक्टर होते. आधीची गाडी गेली तरी फाटक उघडायचं राहिलेलं, म्हणून सायकल धरून अडकले होते. एरवी ते हणमंताला टाळायचे, कारण हा त्यांना मनीच्या खोकल्याबद्दल विचारत बसायचा. त्या दिवशी सायकल टाकून आपण होऊन आले.

"ताक पाजलं का?"

"न्हाई. आत्ता आनलं," मी म्हटलं.

"नशीब. झटके येत असताना ओतलेलं श्वासात जातं. तिथल्या तिथे गुदमरला असता."

म्हणजे ताक वेळेवर आलं असतं तर खंड्या गेला असता. अनुसयाने गाडगं खाली ठेवलं.

डॉक्टरांनी सुई टोचली. खंड्याला गोधडीवर घालून आत नेलं, दार लोटलं. "अंधार ठेवा. हात लावू नका. आवाज झाला की झटका येणार आणि मोठ्या झटक्यात श्वास बंद पडेल. आजचा दिवस निघाला तर जगेल. कुणी त्याच्याशी बोलायचं नाही." मग हणमंताकडे बघून म्हणाले, "तुम्ही तर मुळीच नाही."

हणमंताने फाटक उघडलं आणि ते गेले. हणमंता कोपऱ्यात बसला. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण श्वाससुद्धा जपून घेत होता. मी दाराशी होते. घरी कामं पडली होती, पण त्या दोघांच्या भरवशावर ते कुत्रं सोडून मला जाववेना.

मग फाटकावरची घंटा झाली. मालगाडी येत होती. हणमंताला उठणं भाग होतं. आणि फाटक जवळ आलं की ड्रायव्हर शिट्टी देणार, हे त्याला जेवढं ठाऊक तेवढं कुणाला?

तो उठला. खिडकीकडे बघितलं. सवयीने खंड्याकडे वळला, तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. मनीकडे बघितलं. मनी फळीवर झोपली होती, आणि ती तशीही दुसऱ्या बाजूची. मग त्याने अनुसयाकडे बघितलं. तिच्याशी बोलताना तो नेहमी कुत्र्याकडे बघायचा. तिच्या तोंडाकडे बघताना मी त्याला पहिल्यांदा पाहिलं.

"मालगाडी येतीया," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की मला ओठांवरून कळलं. "खिडकीला गोधडी लाव."

"लावते. तुमी जावा. मी हाय हितं."

तो गेला. आम्ही दोघींनी खिडकी बुजवली. शिट्टी झाली तेव्हा खंड्याचं अंग कमानीसारखं वाकलं. अनुसया त्याच्याजवळ बसली होती. हात लावायचा नव्हता म्हणून तिने दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते. गाडी लांबलचक होती. खोली हलत होती. गाडी संपली, आणि खंड्याचं पोट हललं. पुन्हा हललं.

बाहेर हणमंताने फाटक ताबडतोब उघडलं. एकाही कुत्र्याचा कान उलटा केला नाही. एक गाडीवान काळजीने थांबला. "फाटकवालं, बरं न्हाई का आज?" हणमंताने त्याला हातानेच पुढे काढलं.

तो दारात आला. "हाय?" त्याने तिला विचारलं.

"हाय," ती म्हणाली.

दिवस मावळताना मी घरी आले. वाघ्या दिसेना. कडब्याच्या गंजीमागे सापडला. थंड झाला होता. वासरू हिरवा पट्टा घालून उभं होतं. हणमंता कुदळ घेऊन आला, खड्डा खणला, माती लोटली. मुक्या जिवाचं कोण बघणार, हे तो त्या दिवशी म्हणाला नाही. मालक खड्ड्यापाशी आले. नुसते खाकरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधावर होते. पलीकडून आवाज आला, पण दबका. "खंड्या, तिला सांग, कालपासनं ती उपाशी हाय. पयलं खाऊन घे म्हनावं."

भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"मने," अनुसया म्हणाली, "त्यांला सांग, मला ऐकू येतं."

त्यावर हणमंता "बरं" म्हणाला. कोणाकडे बघून म्हणाला, ते बांधावरून दिसलं नाही.

त्या दिवशी आमच्याकडे ज्या कुत्र्यांनी ते विष खाल्लं, त्यातला खंड्या वाचला. बाकी कुणी नाही.