साहेबांचा निरोप

चाकणच्या कंपनीत मिनलला त्या शुक्रवारी सहा महिने पूर्ण होत होते आणि तिला कायम करण्याच्या पत्रावर मालकांची, म्हणजे ज्योतीरामसाहेबांची, एक सही तेवढी बाकी होती. कंपनी गाड्यांच्या सीटखालच्या स्प्रिंगा बनवायची. सीटखालच्या स्प्रिंगेकडे कोणी बघत नाही. लोकांना तिच्याकडे बघायला लावणं, हे मिनलचं काम. फेसबुक, इन्स्टाग्राम, लिंक्डइन सगळं तिच्याकडे होतं.

सकाळी नऊला साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. कंपनीला पंचवीस वर्षं झाली होती आणि त्यांना सगळ्यांसाठी चार शब्द टाकायचे होते. मिनल मजकूर लिहूनच घेऊन गेली. साहेबांनी चष्मा चढवला आणि मथळ्यालाच अडले.

"‘साहेबांचा संदेश’? संदेश पुढारी देतात. आमच्या मोशीत आमी निरोप म्हणतो. निरोप लिही."

"सर, निरोप म्हटलं की लोकांना वाटेल..."

"काय वाटंल? माझ्या बापानं जन्मभर निरोपच धाडले. कुणाला काय वाटलं न्हाई."

पत्र साहेबांच्याच टेबलावर होतं, त्यामुळे मिनलने मथळ्यात ‘निरोप’ लिहिलं. मग साहेबांनी एक ओळ स्वतः वाढवली: ‘पंचवीस वर्षांत बोलण्यात काही चुकलं असेल तर मोठ्या मनाने माफ करावं.’ फोटोही त्यांनीच निवडला. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाल्यावर काढलेला. गळ्यात झेंडूचा हार, हात जोडलेले.

साडेनऊला पोस्ट गेली. एरवी कंपनीच्या पोस्टला चौदा लाइक यायचे, त्यातला एक मिनलचा आणि एक तिच्या आईचा. आज दहा वाजेपर्यंत नऊशे झाले. मिनल खूश झाली. मग तिने कमेंट उघडल्या.

‘साहेब, पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा.’ ‘असा माणूस पुन्हा होणे नाही.’ मध्येच कुणा अनोळखी माणसाने नुसतं ‘ओम शांती’ लिहिलं होतं. त्याच्याखालच्या चाळीस जणांनी पोस्ट वाचण्याची तसदी न घेता त्याचंच बघून तेच लिहिलं होतं.

सव्वादहाला गेटवरचा भैरू शाल आणि नारळ घेऊन आला. "स्प्रिंगांची तार पुरवतात त्यांच्याकडनं आलंय, मॅडम. साहेबांना द्यायचं का घरी पाठवायचं, विचारतायत."

साडेदहाला मोठ्या गिऱ्हाइकाच्या ऑफिसातून फोन आला, की उद्यापासून बोलायचं कुणाशी. त्याला उत्तर देऊन ती वळते तोच एचआरचा नवनाथ तिची फाइल काखेत मारून केबिनमधून बाहेर पडला.

"तुझं पत्र मी परत घेतोय गं. साहेब चाललेत तर सही नव्या साहेबांची लागणार. ऑडिटला विचारतात."

"नवनाथ, साहेब कुठंही चालले नाहीत. आत बसून चहा पितायत."

"ते मलाही दिसतंय. पण कंपनीच्या पेजवर तसं आलंय ना. अधिकृत तेच."

"पेज मीच चालवते."

"मग तूच टाकलंस की, चाललेत म्हणून."

मिनल केबिनमध्ये शिरली तर साहेबांच्या फोनच्या स्पीकरवर त्यांच्या पत्नी विजयश्रीबाई होत्या.

"अहो, तुमी हाय ना?"

"हाय की."

"शेजारच्या सरूबाई आल्यात. आल्यापासनं रडतायत. काय सांगू त्यांना?"

"जेवायला येतोय म्हणून सांग."

"तेच सांगितलं. तर आणखीच रडाया लागल्या. म्हणतात, विजयश्रीला धक्का सोसला न्हाई."

साहेबांनी फोन ठेवला आणि मिनलकडे बघितलं. "हे काय लिहिलंस तू?"

"तुम्ही सांगितलं तेच, सर."

"मी सांगितलं, पण तू शिकलेली हायस ना?"

दुसरी पोस्ट मिनलने दहा मिनिटांत तयार केली. ‘आमचे साहेब कुठेही जात नाहीत. ते पूर्वीसारखेच रोज सकाळी आठ वाजता हजर राहतील.’ दुपारपर्यंत तिला अकरा लाइक आले आणि कारखान्यातल्या एकट्या प्रेस शॉप विभागातून बत्तीस रडके चेहरे.

"हे का रडतायत?" साहेबांनी विचारलं.

"आनंदाने, सर."

साहेब परत पहिल्या पोस्टवर गेले आणि एकेक कमेंट वाचू लागले. प्रेस शॉपच्या गणराजवर ते अकरा वर्षं ओरडत आले होते. त्याने लिहिलं होतं, ‘साहेब ओरडायचे, पण माझी आई दवाखान्यात होती तेव्हा तिचा डबा रोज त्यांच्या घरून आला.’ साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"हा गडी समोर आला की खाली मान घालतो. कधी एक शब्द बोलला न्हाई. आणि हितं बघ किती लिहिलंय."

वेळ बरी आहे असं बघून मिनल म्हणाली, "सर, नवनाथकडून माझं पत्र आणू का? सही तेवढी..."

"थांब जरा." साहेबांनी शेजारच्या खोलीत फोन लावला. तिथे त्यांची मुलगी उत्कर्षा दोन वर्षांपासून कारभार हाती येण्याची वाट बघत बसली होती. "उत्कर्षा, सोमवारपासनं कंपनी तू बघ," ते म्हणाले आणि तिचं उत्तर यायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

"सर?"

"एवढ्या लोकांनी एवढं चांगलं लिहिलंय. आता मी गेलोच न्हाई तर समदं वाया जाईल. ती दुसरी पोस्ट काढून टाक."

मिनलने पोस्ट काढली. बत्तीस रडके चेहरेही तिच्याबरोबर गेले. "आणि माझं पत्र, सर?"

"तुझं काम चोख हाय, त्यात वाद न्हाई," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "पण तूच सांग, जाणाऱ्या माणसानं कुणाला कायम कसं करायचं?"