दुपट्याची शेवटची गाठ

सूनबाईने ठरवलं, फक्त एकच गाठ कापायची. बाळाच्या दुपट्याच्या टोकाला ती लोंबत होती. बाळ ती तोंडात घालणार, ती घशात अडकणार आणि मग... (या ‘मग’च्या पुढे सूनबाई दिवसातून दहादा जाऊन यायची.)

दुपटं लोकरीचं, आजेसासूबाईंनी सुयांवर विणलेलं. घरातलं प्रत्येक मूल पहिलं वर्ष त्यावरच निजलेलं. “शेवटच्या गाठीला हात लावू नकोस,” सासूबाईंनी बजावलं होतं, “तिच्यात त्यांचा जीव आहे.”

आजेसासूबाईंना जाऊन वीस वर्षं झालेली. अशा बाईचा जीव बाळाच्या पायाशी कशाला?

कच्!

सूनबाई गॅसवरचं दूध बघून आली. बाळ गाढ झोपलेलं, पण दुपटं पायाकडून चार बोटं आखूड!

वारा नाही, घर चिडीचूप. तिने एक पाऊल मागे घेतलं. दुपट्याची एक ओळ सर्रकन निघाली आणि नाहीशी झाली. ती थांबली, दुपटंही थांबलं. ती आणखी मागे सरली. सर्रर्र!

बाळाला उचलावं, तर आजेसासूबाईंच्या हातातून हिसकावल्यासारखं होणार. सूनबाई बाहेरच्या खोलीतून मागच्या व्हरांड्याकडे पळत सुटली.

“आई, त्या आल्यात! दुपटं ओढतायत! बाळाच्या टाचेपर्यंत पोचल्या!”

“कोण गं?”

“तुमच्या सासूबाई!”

“भर दुपारी? जिवंत असताना चारच्या आत कधी उठल्या नाहीत त्या.” सासूबाईंनी तिला खालून वर न्याहाळलं. “पाय उचल बघू.”

सपातेच्या बकलात धागा अडकला होता. तो टेबलाला वळसा घालून, दोन दारं ओलांडून थेट पाळण्यात गेला होता.

सूनबाईला रडूच फुटलं. “गाठ मीच कापली हो. त्यांचा जीव...”

“अगं, गाठ सुटली की वीण सुटते, एवढाच तो जीव. पण सरळ सांगितलं तर ऐकतं कोण? आता हात पुढे धर आणि हलू नकोस. धागा गुंडाळू. पुन्हा विणायचंय तुलाच.”

केस सुटलेले, चेहरा पांढराफटक, दोन्ही हात ताठ पुढे. सूनबाई तशी उभी असताना नवरा ऑफिसातून लवकर आला आणि दारातच किंचाळला.

“आई! हिच्या अंगात कोण शिरलंय?”

सासूबाईंनी मानही वर केली नाही.

“शिरायला जागा कुठंय? आधीच भीती ठासून भरलीय.”