दारापाशी संपणारा धडा

शनिवारी दुपारी तीन वाजता झुत्फन गावात सीब्रन टर्पस्ट्रा यांच्या दारासमोर सहा माणसे उभी होती आणि त्यांतल्या एकानेही बेल वाजवली नव्हती.

सीब्रन आतून पाहत होते. खिडकीला पडदा नव्हता, त्या गल्लीत कुणाच्याच नसतो. म्हणून ते रबराच्या झाडाच्या कुंडीमागे वाकले होते.

दूरशिक्षणाच्या एका संस्थेत ते शिक्षकांना व्हिडिओ-धडे कसे तयार करावेत हे शिकवत, तेही व्हिडिओतूनच. नव्या धड्याचा पहिला खर्डा त्यांची सहकारी फेन्ना हिने पाहिला होता.

"हे यंत्र बोलतंय की तू?"

"मीच."

"मग माणसासारखं बोल ना. समोर एकच माणूस बसलाय असं समज."

"कोण?"

"असेल की रे कुणीतरी."

सीब्रननी बराच विचार केला आणि नमुन्यासाठी विषय निवडला : माझ्या घरी कसे यावे. स्टेशन, पूल, बेकरी, हिरवे दार. वळणावळणावर बाण, चित्राच्या जोडीला आवाज. शेवटी ते स्वतः दार उघडून म्हणत, "या ना आत, कॉफी तयार आहे." हा प्रसंग त्यांनी पुन्हा पुन्हा चित्रित केला. प्रत्येक वेळी कॉफी खरीच केली होती आणि एकट्यानेच प्यायली होती.

"शेवट काप," फेन्ना म्हणाली. "वाट दारापर्यंतचीच आहे. कामाचं नाही ते काढून टाका, असं तूच शिकवतोस ना?"

नियम त्यांचाच होता. त्यांनी शेवट कापला.

संस्थेच्या प्रत्येक धड्याखाली आपोआप एक ओळ येते : आता स्वतः करून पाहा आणि फोटो जोडा. शुक्रवारी फेन्नाचा फोन आला. "अरे, तुझे विद्यार्थी उद्या खरंच ती वाट चालून बघणार आहेत!"

सीब्रननी सफरचंदाचा मोठा केक आणला. शेजारून खुर्च्या मागून आणल्या आणि तिकडे वाढदिवसाला पाहुण्यांसाठी मांडतात तशा गोल मांडल्या.

आता बाहेरचे बोलणे ऐकू येत होते.

"पोचलो! एकदासुद्धा चुकलो नाही."

"बेल वाजवायची का?"

"व्हिडिओत आहे का बेल?"

"नाही."

"मग? बोलावलंय का कुणी आपल्याला? सुट्टीच्या दिवशी असं न ठरवता घुसायचं म्हणजे काय!"

दार उघडावे असे सीब्रनना फार वाटले. पण चाचणी चालू असताना शिकवणाऱ्याने मध्ये पडायचे नाही, हाही नियम त्यांचाच. दारासमोर फोटो निघाले. हसतखिदळत सगळे स्टेशनकडे परतले. वाटही न चुकता.

फेन्नाचा फोन आला. "कितीजण पोचले?"

"आले तेवढे सगळे."

"वा! असा निकाल आजवर लागला नव्हता. मग आवाज का असा?"

"केक फार मोठा आहे."

"एवढा आणलास कुणासाठी?"

"त्या समोर बसलेल्या माणसासाठी," सीब्रन म्हणाले आणि कापलेला शेवट परत जोडायला संगणकापाशी बसले.

तेवढ्यात बेल वाजली. दारात एक बाई उभ्या होत्या. बुटांना चिखल, केस वाऱ्याने विस्कटलेले.

"मी हिल्केन. आसेनच्या शाळेत शिकवते. मी चुकले हो. पुलावरून उलट्या बाजूला गेले, पार मळ्यांपर्यंत."

"बेल का वाजवलीत?"

"चुकलेल्या माणसानं विचारायचं नाही तर काय करायचं?" त्यांनी मोबाइल काढला. "आता फोटो काढला तर चालेल, की मला नापास धरणार?"

सीब्रननी तोंड उघडले. कॅमेऱ्यासमोर घोटून घोटून पाठ झालेले वाक्य आयत्या वेळी सापडेना. "पुलावरचा बाण," ते म्हणाले, "नक्की कुठल्या बाजूला दिसला?"

"सांगते. पण इथे उभ्यानंच सांगू का?" हिल्केनबाईंनी त्यांच्या खांद्यावरून आत पाहिले. "अगंबाई, कुणाचा वाढदिवस आहे वाटतं? मग मी जाते, पाहुणे यायचे असतील."

संध्याकाळी फेन्नाने दोनदा फोन केला. उचलला गेला नाही; गोलातल्या दोन खुर्च्यांवर माणसे होती आणि केक कापलेला होता. सोमवारपर्यंत व्हिडिओचा शेवट परत जोडला गेलेला नव्हता. पुलावरचा बाणही अजून तसाच आहे.