डागांचा वैरी

आमच्या कुरुंद्याच्या वाचनालयात गेलात तर दिगंबरराव तुमचं तोंड पाहणार नाही. आधी म्हणेल, "बोटं दाखवा." दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहील, नखांत डोकावेल, अन् जरा पिवळं दिसलं की दाराजवळच्या बादलीकडं मान करेल. "साबण तिथं हाय. पुस्तक मंग."

हळदीच्या मुलखात हे म्हणजे कोळ्याला मासळीचा वास येतो म्हणून घराबाहेर ठेवण्यासारखं. माघात आमच्या गावात ज्याची बोटं पिवळी नाहीत तो आजारी तरी असतो, नाहीतर पाहुणा. एकदा हिंगोलीहून एक साहेब तपासणीला आले. वाटेत भजी खाऊन आले होते. दिगंबररावानं त्यांनाही बादली दाखवली.

"अहो, मी तपासणीला आलोय," साहेब म्हणाले.

"मीबी तपासणीच करून राहिलो."

साहेबानं मुकाट हात धुतले. मी तिथंच होतो. माझा वासलेला आ मिटेना.

एवढं करूनही डाग पडलाच, तर त्याच्याकडं औषध होतं. हळदीचा डाग उन्हात उडतो, हे आमच्याकडं लेकरालाही माहीत. लुगड्याला हळद लागली की बाया ते उन्हात टाकतात. हा पुस्तकं टाकायचा. गच्चीवर पापड वाळत घालावेत तशी पानं उघडून मांडायचा, वाऱ्यानं उलटू नयेत म्हणून वर खडे ठेवायचा, अन् स्वतः काळी छत्री धरून राखण करत बसायचा. त्या छत्रीवाचून मी त्याला हिवाळ्यातही पाहिला नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. जोडाक्षर आलं की मी चढावरच्या बैलासारखा अडतो. वाचायची ती माझी बायको, कौसा. कपाटात होती तेवढी पुस्तकं तिनं दोन-दोनदा वाचली, अन् एक दिवस दिगंबररावाला म्हणाली, "भाऊजी, आता काय कपाट वाचू?"

त्याच सुमारास राज्यभरच्या वाचनालयांनी मिळून साखळी केली. आपल्याकडं नसलेलं पुस्तक दुसऱ्या गावचं वाचनालय पाठवणार, वाचून झालं की परत करायचं. मला खरं वाटेना. आमच्याकडं शेजाऱ्याला फवारणीचा पंप मागितला तर तो आधी आभाळाकडं पाहतो. अन् हे कोण कुठले कोकणातले, ना नात्याचे ना गोत्याचे, ते कौसासाठी पुस्तक धाडणार?

धाडलं. दिगंबररावानं आधी ते हुंगलं. "समुद्राजवळचं हाय. कागद दमट लागून राहिला." आतून वाळूचे चार कण निघाले. कौसानं ते तळहातावर घेऊन मला दाखवले. परभणीच्या पुढं कधी न गेलेली बाई, तिच्या हातावर समुद्राची वाळू! मग कुठून कुठून पुस्तकं येत राहिली, अन् आमच्या चुलीपाशी बसून ती सारा मुलूख फिरली.

पण तिचं लाडकं पुस्तक आमच्याच कपाटातलं होतं. एका मेंढपाळ बाईची जाडजूड गोष्ट. कौसाचं माहेर मेंढरं राखणारं, म्हणून असेल. हळद शिजत असली की ती कढईपाशी बसून तेच वाचायची, अन् पिवळ्या अंगठ्यानं पान उलटायची. परत देताना दिगंबरराव कपाळावर हात मारायचा.

"वैनी, हे पुस्तक हाय का वरणाची वाटी?"

"हळद लागली म्हंजे लगीन झालं समजा. तुमचं न्हाई झालं, पुस्तकाचं तरी होऊ द्या." अन् त्याच दमात, "जेवले का?"

दिगंबरराव एकटा. वाचनालयामागच्या खोलीत राहतो. जेवला असला तर "व्हय" म्हणायचा. नसला तर नुसता बादलीकडं पाहायचा, अन् कौसा घरी येऊन डबा भरायची.

श्रावणात कौसा गेली. ताप ताप म्हणता गेली. दिवसपाणी झाल्यावर लेकीनं घर आवरलं अन् ते पुस्तक परत करून टाकलं. मला कशाचंच भान नव्हतं. माघात गावात हळद शिजायला लागली, तो वास घरात शिरला, अन् मला एकदम आठवलं, त्या पानांवर तिचा अंगठा आहे. घरात तिचा फोटो म्हणाल तर आधार कार्डावरचा, त्यात ती माझ्यावर चिडल्यासारखी दिसते.

उठलो तसाच गेलो. दिगंबरराव भर उन्हात, उघड्या डोक्यानं पायरीवर उभा होता.

"बोटं..."

"बोटं गेली खड्ड्यात! कौसाचं पुस्तक द्या. कायमचं. काय किंमत असल ती घ्या."

"इथं न्हाई. कालच कोकणात पाठवलं."

मी पायरीवर खालीच बसलो. "काहून?"

"तिथल्या एका बाईनं मागितलं. साऱ्या साखळीत ते आपल्याकडंच हाय."

"मरो तुमची साखळी!"

"आबा, वैनीनं समुद्र कुणाच्या पुस्तकात पाहिला? त्यांनी दिलं म्हणून ना? आता त्यांनी मागितलं, तर आपण दार लावून घ्यायचं?"

मी शिव्या दिल्या. अन् शिव्या देता देता ध्यानात आलं. श्रावणापासून पुस्तक ह्याच्या ताब्यात होतं. डागांच्या वैऱ्याच्या! ह्यानं ते गच्चीवर कितीदा घातलं असेल? तो काहीतरी सांगायला लागला होता. मी ऐकायला थांबलो नाही.

मग रोज जायचो. वाचनालयात नाही, समोरच्या पानटपरीवर. पार्सल आलं का पाहायचं अन् परत यायचं. तो मला पाहायचा, मी त्याला. बोलणं बंद.

चैत्रात एका दुपारी त्यानं हात केला. टेबलावर पार्सल होतं. कागद काढला तर आत काळं कापड, घडीवर घडी. कापडाच्या टोकांना बारीक भोकं, काड्या अडकवायची. छत्रीचं कापड! मी वर पाहिलं. ऊन खाऊन त्याचं टक्कल तांबडं झालं होतं.

"हळदीला ऊन चालत न्हाई," तो म्हणाला. "वाटंत कुठं उन्हात पडून राहिलं तर? तिथंबी फोन करून सांगितलं, सावलीतच वाचा म्हणून."

"अन् गच्चीवर?"

"हे गच्चीवर कधीच न्हाई घातलं. वैनी होत्या तवाबी न्हाई. नुसता बोंबलायचो."

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. "मंग त्या दिशी काहून सांगितलं न्हाई?"

"तुमी बोलू दिलं का?"

त्यानं पान उघडलं. कोपऱ्यात पिवळा अंगठा. पुढच्या पानावर अजून एक. मी हात पुढं केला.

"कायमचं न्हाई. पंधरा दिवस. मंग आणून द्यायचं, अन् कुणी मागितलं नसल तर परत न्यायचं," दिगंबरराव म्हणाला. "आधी बोटं दाखवा."

पिवळीजर्द होती. मुकाट बादलीकडं गेलो. साबण लावता लावता मागं पाहिलं. कलतं ऊन दारातून थेट टेबलापर्यंत आलं होतं, अन् तो उन्हाकडं पाठ करून उभा होता, पुस्तक आपल्या सावलीत धरून.

"दिगंबरराव," मी म्हणालो, "जेवले का?"

त्यानं बादलीकडं पाहिलं.