स्वयंभरणाचा दाखला

विद्यार्थ्यांमध्ये स्वावलंबन रुजावं, हा शाळेच्या परदेश अभ्यासदौऱ्याचा उद्देश होता. त्यासाठी प्रत्येकानं आपली बॅग स्वतः भरावी, असा नियम दौराप्रमुख बाईंनी केला होता. नियमाची शेवटची कलमं त्या पलंगावर मांडी घालून लिहीत होत्या, तेव्हा त्यांची स्वतःची बॅग खाली जमिनीवर बसून त्यांची आई भरत होती.

“आई, जरा हळू. लक्ष लागत नाहीये.”

“मोजे बुटांत घातलेत,” आई आणखी मोठ्यानं म्हणाली. “मग तिकडून फोन करू नकोस, मोजे कुठे म्हणून.”

“मला कळतं गं.”

“कळतं म्हणूनच सांगतेय. कळणाऱ्यांना काही सापडत नाही.”

 बाई ‘पालकांनी बॅगेस हात लावल्यास’ या वाक्यात अडकल्या होत्या. शेवटी आई बॅगेवर बसली, बाईंनी चेन ओढली, आणि आई गुडघ्यांवर हात टेकत उठली. बाईंच्या शाळकरी वयातल्या सहलींपासून हे असंच चालत आलं होतं. शिबिरांना जाताना बाईंची बॅग सगळ्यांत नीटनेटकी असायची, त्यामुळे शाळेत त्या स्वावलंबनाचा आदर्श मानल्या जात. त्यांनी तसा दावा कधी केला नव्हता. इन्कारही केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई गॅस बंद करून खुर्चीत टेकली, ती उठलीच नाही.

घर माणसांनी भरलं आणि ओसरलं. मावशीनं कपाट आवरलं, औषधं परत केली, चष्मा कुठेतरी ठेवला. बॅग तेवढी भिंतीशी उभी राहिली. “ती पण रिकामी कर, कपडे कुबट होतील,” मावशी म्हणाली. बाई नको म्हणाल्या. आईच्या हातानं लावलेली घरातली तेवढीच गोष्ट उरली होती. ती उघडायची तर तिकडे पोचल्यावर, एकटीनं, दार लावून, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

शाळेनं दुःख व्यक्त केलं आणि दौराप्रमुख बदलता येत नसल्याचं कळवलं. व्हिसा बाईंच्या नावावर होता, आणि व्हिसाला आई नसते.

दरम्यान नियमानं बाळसं धरलं होतं. पालकांनी त्याचं मनापासून स्वागत केलं आणि मुलांच्या बॅगा भरायला घेतल्या. त्यासाठी कुणाच्या वडिलांनी रजा टाकली. चौकात बॅगभरणीचे वर्ग निघाले. तिथे मुलांना घडी घालायला शिकवत नसत, ‘मी माझी बॅग स्वतः भरली’ हे वाक्य न अडखळता म्हणायला शिकवत. एवढं करूनही शाळेनं घेतलेल्या तोंडी परीक्षेत “तुझ्या बॅगेत काय काय आहे?” या प्रश्नाला एका मुलीनं “आईला विचारून सांगते” असं उत्तर दिलं, आणि घोटाळा झाला.

मुख्याध्यापकांनी तपासणी कडक केली. सभागृहात, सर्वांसमक्ष, प्रत्येकानं बॅग पूर्ण उपसायची आणि पुन्हा भरायची. जमलं तर स्वयंभरणाचा दाखला, नाही तर दौरा नाही. भूगोलाचे सर कपडे हवामानाशी ताडून पाहणार होते, गणिताचे सर घनफळ काढणार होते, आणि गायनाचे मास्तर, कुणालाही वगळायचं नाही म्हणून, चाकांचा आवाज ऐकणार होते. सुरुवात आदर्शापासून व्हावी, म्हणून पहिला मान दौराप्रमुखांच्या बॅगेचा.

सभागृहात मुलं पुढे बसली होती. मागे पालक, गुडघ्यांमध्ये मुलांच्या बॅगा धरून. बाईंनी आपली बॅग टेबलावर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“उघडा, बाई,” मुख्याध्यापक म्हणाले.

“सर, माझी तेवढी राहू द्या.”

“नियम तुमचाच आहे.”

“हो. पण आईनं भरलीय, सर. ती जायच्या आदल्या दिवशी,” बाई त्यांनाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या.

मुख्याध्यापक तपासणी समितीला घेऊन बाजूला गेले. कुजबुज सुरू झाली.

“अशी सूट दिली, तर उद्या जो तो आई गेली म्हणून सांगेल,” भूगोलाचे सर म्हणाले.

“प्रत्येकाला एकदाच सांगता येईल,” गणिताचे सर म्हणाले. त्यांनी हिशेब केला होता.

अखेर एकमतानं ठराव झाला. बॅग भरणारी व्यक्ती हयात नसल्यास, ती बॅग बॅगधारकानं स्वतःच भरली आहे, असं मानण्यात यावं.

“बघा, माणुसकीनं मार्ग निघतोच,” मुख्याध्यापक परत येऊन म्हणाले.  “बॅगेला कुणी हात लावणार नाही. मुलांसमोर फक्त ते वाक्य म्हणा, की झालं.”

बाईंच्या हातात माइक आला. समोर मागच्या रांगेतल्या आयांचे ओठ आधीच हलू लागले होते. वाक्य त्यांना मुलांपेक्षा पक्कं पाठ होतं.  वाक्य म्हटलं असतं तर बॅग राहिली असती, भरणारी राहिली नसती.

“ही मी भरलेली नाही,” त्या म्हणाल्या. “आईनं भरली. आजवरच्या सगळ्या तिनंच भरल्या. मला बॅग भरता येत नाही.”

“अहो बाई! मग आता उघडावी लागेल!”

“हो, सर.”

त्यांनी स्वतःच चेन ओढली. समिती पुढे झुकली. भूगोलाच्या सरांना हवामानाचं काही सुचलं नाही, घनफळात चूक निघेना, कारण आत बोट शिरेल एवढीही जागा वाया गेलेली नव्हती. बाईंनी बुटांत खोचलेल्या मोज्यांवरून बोट फिरवलं.

“काय सुंदर भरलीस गं,” त्या म्हणाल्या. माइक चालूच होता.

“कुणाला म्हणताय?” मुख्याध्यापकांनी गोंधळून विचारलं.

“आईला. कधी म्हटलंच नव्हतं.” बाईंनी माइक समोर बसलेल्यांच्या दिशेनं पुढे केला. “तुमच्यापैकी कुणी म्हटलंय?”