इतिहासाला सलामी

"मी वाचायला लागलो ना, की माशीसुद्धा पंख मिटून बसेल!" अ‍ॅलिस्टरनं सकाळीच जाहीर केलं होतं. वायकोरा गावच्या नेमबाजी क्लबचा साठ वर्षांचा इतिहास लिहायला त्याला चार वर्षं लागली. त्यातली निम्मी थेल्माबद्दल काय लिहावं, या विचारातच गेली. तीस वर्षं ती खड्ड्यात बसून, नेमबाजांसाठी हवेत उडवायच्या मातीच्या तबकड्या यंत्रात भरत होती, पण क्लबच्या एकाही वहीत तिचं नाव नव्हतं. उद्या ती कायमची लेकीकडे राहायला जाणार होती. आज क्लबच्या कार्यक्रमात हे लिहिलेलं तिच्या कानावर घालायलाच हवं!

बंदूकवाल्यांच्या रांगेच्या टोकाला एक नवाकोरा माइक उभा होता. अध्यक्ष डगलनं खास आपल्यासाठी आणला! अ‍ॅलिस्टरला भरून आलं. मैदानाकडे पाठ करून त्यानं वही उघडली.

"एकोणीसशे एकावन्न साली..."

ठो!

माइक नव्या यंत्राचा होता. त्यात 'खेच!' म्हणून ओरडलं की तबकडी सुटायची. यंत्राला 'खेच' काय नि इतिहास काय, सारखंच! आणि सुटलेली तबकडी न फोडता सोडेल, तो वायकोराचा कसला?

अ‍ॅलिस्टरला वाटलं, सलामी! वाक्यागणिक बार! त्याचा आवाज चढला.

"मेंढरं हाकलून आपण मैदान केलं!" ठो! "पहिली ढाल जिंकली!" ठो! ठो!

"अरे, थांब!" डगल ओरडला. त्या ओरडण्यानंही एक तबकडी उडाली. ठो!

"थांबतो कशाला? आत्ता कुठं रंग भरतोय!"

डगलनं कपाळावर हात मारला. बार सुरू असताना रांगेत शिरायचं नाही आणि सगळ्यांनी कान झाकायचे, असा क्लबचा नियम होता. नियम अ‍ॅलिस्टरनंच लिहिलेला.

शेवटचं पान आलं. वाऱ्यावर बंदुकीच्या दारूचा वास होता, टेकड्यांवर धुकं उतरत होतं. अ‍ॅलिस्टर मनानं केव्हाच त्या जुन्या खड्ड्याशी पोचला होता. केशरी धुळीनं माखलेले दोन हात त्याला दिसत होते. तो वाचत राहिला, "थेल्मा, ते हात नसते, तर आम्ही नुसत्या आभाळावर बार काढत बसलो असतो."

ठो!

त्यानं डोळे पुसत मान वर केली. समोर सगळा गाव कानांवर आवाज अडवणाऱ्या जाडजूड टोप्या चढवून चीज रोल खात बसला होता. पहिल्याच खुर्चीवर थेल्मा जोरजोरात टाळ्या वाजवत होती.

तिनं एका कानावरची टोपी जरा उचलली. "गोड वाचलंस हं! माझं नाव आलं का रे कुठं?"

"सतरा वेळा," अ‍ॅलिस्टर म्हणाला. पण इतकं हळू, की यंत्रालासुद्धा ऐकू गेलं नाही.